प्रॉम्टर म्हणजे माझा मामा

आधी माफी मागतो. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि भाषेवर काही लिहिणं माझ्या आवाक्यातलं नाही. पण एका शब्दाचा अर्थ माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेला. तो दुसरं कुणी लिहून ठेवेल असं वाटत नाही, म्हणून भीत भीत लिहितो.

शब्द आहे प्रॉम्टर. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धान निघालं की गावोगाव नाटकं होतात. नटांना आज एक गाव, उद्या दुसरं; पाठांतराला वेळच नसतो. म्हणून रंगमंचाच्या पुढ्यात एक खड्डा असतो. त्यात पुस्तक घेऊन बसलेला माणूस प्रत्येक वाक्य आधी बोलतो आणि ते ऐकून नट बोलतो. तो प्रॉम्टर. चामोर्शीकडच्या गावांत माझा मामा हे काम करायचा. खलनायकाची धमकी, आईचा हंबरडा, सगळं आधी त्याच्या तोंडून निघायचं. लोकांना मात्र त्याची पाठच दिसायची.

तेव्हा त्या शब्दाला मान होता. मग शाळेत, परीक्षेला खिडकीतून उत्तरं सांगणाराही प्रॉम्टर झाला. पुढे पानठेल्यावर लोक बायकोच्या शब्दाबाहेर नसलेल्या माणसाला विचारू लागले, "काऊन बे, आज प्रॉम्टरनं डायलॉग नाई देल्ला का?" मामा तिथंच तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत उभा असे. तो म्हणे, "माह्या प्रॉम्टरनं सांगतलं, तेल आण. बाकीचा सीन घरी हाय." चंद्रपूरला आलो तर कॉलेजातली पोरं इअरफोनला प्रॉम्टर म्हणत. "प्रॉम्टर काढ बे, सर आले." हे मामाला फोनवर सांगितलं तर तो खूप हसला. "चला, खड्ड्यातून तरी निघालो!"

त्या हसण्यातही त्याचं तोंड नीट उघडत नव्हतं, हे मला नंतर कळलं. खर्र्यानं जबडा आखडत गेला. पोळी सुटली, मग भातही पातळ लागू लागला. आवाज नटांपर्यंत पोचेना, तेव्हा कंपनीनं मोसमाच्या मध्येच दुसरा माणूस बसवला. नागपूरला ऑपरेशन झालं. जीभ बरीचशी गेली.

त्यानंतर मामाच्या घशातून जे निघे ते फक्त मामीला समजायचं. ती त्याच्या ओठांकडे बघायची आणि मोठ्यानं सांगायची. "म्हणतेत, चहा घे." "म्हणतेत, बारीक झाला पोरगा." गाव तिला प्रॉम्टर म्हणू लागलं. खरं तर प्रॉम्टर आधी बोलतो आणि मामी नंतर बोलायची, पण ही चूक कुणी काढली नाही. पानठेल्यावरही त्या शब्दाला आता कुणी हसत नव्हतं.

शेवटच्या वर्षाच्या पेपरांआधी मी भेटून आलो. दुखणं परतलं होतं. निघताना मामानं माझा हात धरला आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. मामी थोडी थांबली. "म्हणतेत, पेपर झाले का सीधा इकडंच ये. मी हाय."

पेपर सुरू असताना मी रोज संध्याकाळी फोन करायचो.

"मामा काय म्हणते?"

"म्हणतेत, अभ्यास कर."

कधी ती म्हणे, "म्हणतेत, जेवला का?" मला बरं वाटायचं. मी पुन्हा पुस्तक उघडायचो.

शेवटचा पेपर देऊन तसाच बसस्टँडवर गेलो. चामोर्शीची गाडी लागली होती. मामीला फोन केला. "मी येऊन राह्यलो. मामाला सांग."

मागे बायकांचे आवाज येत होते. मी पुन्हा म्हणालो, "सांग न मामी. काय म्हणते मामा?"

"बाबू," ती म्हणाली, "तुहा पहिला पेपर झाला न, त्याच दिवशी गेले रे ते."