नूतनचं तिसरं कार्ड

प्रविण बायकोला हुशारीने मारायचा. पाठ, दंड, मांड्या. तोंडाला कधी हात लावला नाही. कासू गावात आमच्या दोन घरांची भिंत एकच, त्यामुळे मी हे आठ वर्षं ऐकत आले. आवाज वाढला की मी टीव्ही मोठा करायची. माझी लाज मीच सांगते.

त्याची बायको नूतन रोह्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. कायम नोकरी, दर महिन्याला पगाराची पावती. प्रविणचा टेम्पो. हप्ते बुडवून बुडवून बँकांनी त्याला दारातही उभं करायचं सोडलं होतं, म्हणून त्याने बायकोच्या नावावर क्रेडिट कार्ड काढलं. मग दुसरं. पहिल्याला तिने सही दिली ती प्रेमाने, दुसऱ्याला तापल्या चिमट्याच्या चटक्याने. तो दंड मी पाहिलाय.

"मला एकच ठेवायचं हाय गो," ती मला म्हणायची. "माझं, माझ्या पाकिटात. दुखण्याखुपण्याला."

कमावते ही, आणि कार्डं किती ठेवायची ते ठरवणार हा टेम्पोवाला! माझं डोकं फिरायचं. फिरलेलं डोकं घेऊन मी पुन्हा टीव्हीसमोरच बसायची.

गेल्या मार्गशीर्षात त्याला तिसरं कार्ड हवं झालं. आता बँक व्हिडिओ कॉल करते, चेहरा दाखवा म्हणते. बायकोचं तोंड शाबूत ठेवल्याचा असा फायदा झाला. रेंज आमच्या ओटीवरच येते, म्हणून रविवारी सकाळी तो तिला दंडाला धरूनच घेऊन आला.

"वयनी, पाचच मिनिटं," तो मला म्हणाला. मग तिला, "फकस्त व्हय बोलायचं. नायतर घरी गेल्यावर बघतो."

तिला खुर्चीवर बसवून तो दाराआड उभा राहिला, मोबाइलमध्ये दिसणार नाही असा.

"शेजारी कुणी नाही ना, मॅडम?" पडद्यावरच्या मुलीने विचारलं. नूतनने मान हलवली. नाव, जन्मतारीख, पॅनकार्ड झालं.

"हे कार्ड तुम्ही स्वतःच्या मर्जीने घेताय ना?"

नूतनने दाराकडे पाहिलं. प्रविणने मूठ उगारली.

"नाय," ती म्हणाली. "आधीचं पण मारून काढलंय. ह्यो बघा." आणि तिने बाही वर सरकवली.

प्रविणने पहिल्यांदाच तोंडावर मारलं, कॅमेऱ्यासमोर. ती खुर्चीसकट कोसळली. ओठ फाटला, दात ओटीवर पडला. तो लाथ घालायला पुढे झाला, तोवर माझ्या हाताला कपडे धुण्याचं धोपटणं लागलं. मी त्याच्या गुडघ्यावर घातलं. पुन्हा घातलं. हाड कडकन मोडलं, तो गुरासारखा ओरडला, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

खाली पडलेल्या मोबाइलमधून मुलगी ओरडत होती, "मॅडम! पोलिसांना फोन करू का?"

नूतनने रक्ताळल्या हाताने मोबाइल उचलला. "करा," ती म्हणाली. "आन् कार्ड नको."

पेणच्या दवाखान्यात टाके पडायच्या आधी ती फाटक्या ओठांनी म्हणाली, "ती दोन्ही फेडून बंद करीन गो. मग एकच." तिने माझा हात घट्ट धरला होता. मला तो सोडवून घ्यावासा वाटला. तुझी मर्जी काय, हे तिला एका परक्या मुलीने विचारलं, तेही पगारापोटी. मी कधीच विचारलं नव्हतं.