किल्ली सुनेपाशी

आमच्या खोलीतले किस्से घरी सांगता येत नाहीत, म्हणून साचत जातात. सासूबाई विचारतात, "आज काय केलं वं?" मी म्हणते, "फॉर्म भरले."

खोटं नाही ते. सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक. जीव द्यावासा वाटणाऱ्या माणसाशी बोलायचं, पुढचे दिवस तो कसे निभावेल ते त्याच्यासोबत कागदावर उतरवायचं, मग फोन करत राहायचं.

*

ट्रेनिंगला आलेले साहेब म्हणाले, "पेशंटला बोलू द्या, मध्ये बोलू नका." हे सांगायला अडीच तास घेतले. मध्ये कोणालाच बोलू दिलं नाही.

*

आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारायचं असतं. आमच्या सिस्टरांना जमेना. "तसं काही वाटून राहिलं काय?"

"तसं म्हणजे?"

"म्हणजे... तसं."

समोर बसलेल्या शहापूरच्या बाई वैतागल्या. "मरावंसं वाटते काय, असं इचारा ना सिस्टर. हो, वाटते."

मग मात्र त्या दोन तास बोलल्या.

*

खोली म्हणजे जुनं स्टोअर. वरठीचा एक कामगार रडत होता, तेवढ्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर कापूस न्यायला आला. "कायले रडतं भाऊ? माह्या घरी चार दिवस राहून पाय." कामगार खुदकन हसला. "कशानं बरं वाटतं?" या रकान्यात मी लिहिलं: ड्रेसर.

*

नाकाडोंगरीकडचे एक काका "आता जगून काय करू" म्हणत होते. काकूंना सांगितलं, फवारणीचं औषध कुलपात ठेवा. दुसऱ्या दिवशी फोन केला.

"ठेवलं ना मॅडम. कुलूप लावलं."

"किल्ली?"

"यायच्यापाशीच. घरधनी ना ते."

सगळ्यांना पुन्हा बोलावलं. किल्ली काकूंनी ठेवावी, तर म्हणाल्या, "त्यायनं मागतली तं मी नाही कशी म्हणू?" मुलगा पुण्याला. उरली दाराशी उभी असलेली, लग्नाला तीनच महिने झालेली सून. त्या घरात सासरा सुनेशी बोलत नाही, पाणीसुद्धा काकूंमार्फत मागतो. मी म्हटलं, मग हिच्याकडेच द्या.

"सुनेले? आत्तापासून किल्ली?" काकूंना नवऱ्यापेक्षा किल्लीची काळजी जास्त वाटली. पण दिली.

आठवड्यानं फोन सुनेनं उचलला. "मॅडम, काल बाबा माह्याशी पहिल्यांदा बोलले. किल्ली मागतली."

"मग?"

"म्हणलं, आधी बसा, भात टाकते. बसले. जेवले. मग लय वेळ बोलत राहिले. किल्लीचं नावच नाही काढलं."

"काय बोलले?"

"ते नाही सांगत मॅडम. बाबानं कोणाले सांगू नको म्हणलं."