मोठ्या बाबांचा एक नंबर

घरात चार कॉम्प्युटर, एक राऊटर आणि एक मोठे बाबा असले, की किस्से गोळा करावे लागत नाहीत, पायात येतात! वरोऱ्याच्या आमच्या घरी ब्रॉडबँड आलं तेव्हाचे हे. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, लाकडाच्या डेपोतून रिटायर झालेले. मला पुण्यात नोकरी लागली होती आणि त्यांची अट होती, "आधी घरचं नेट चालवून दाखव. मंग पुन्याले जा!"

* * *

नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर लागतो. कायमचा ठोकला तर स्टॅटिक. राऊटर देईल तो घेतला तर डायनॅमिक. मी म्हटलं, "डायनॅमिक ठेवू. लग्नाच्या पंगतीत जागा मिळेल तिथं बसतो ना, तसं."

मोठे बाबा भडकले. "डेपोत लाकडावर हातोड्यानं नंबर मारला का मारला! अन् माह्या घरी माह्या जागेवर कोनी बसते काय?"

कोणी बसत नसे. भिंतीकडचा पाट त्यांचा. ते गावाला गेले तरी रिकामा!

ठरलं. सगळे स्टॅटिक.

* * *

नंबर वाटले वयाप्रमाणे. मोठ्या बाबांना एक, माझ्या बाबांना दोन, मला अर्थातच शेवटचा. मी ओरडत होते, "एक नंबर राऊटरचा आहे!"

"राऊटर माह्यापेक्षा मोठा आहे काय?"

त्यांनी स्वतःच्या हातानं एक टाकला. अख्ख्या घराचं नेट गेलं. मी बदलला, आलं. त्यांनी पुन्हा टाकला, पुन्हा गेलं! शेवटी त्यांची बायको, आमची मोठी आई, म्हणाली, "अवो, घ्या ना दुसरा. मशीनसंग काय भांडून राह्यले!"

* * *

मग मोठ्या बाबांचे आरमोरीचे जावई लॅपटॉप घेऊन आले. त्यावर त्यांच्या घरचा नंबर पक्का ठोकलेला. आमच्याकडे नेट लागेना.

"जावयाले नेट नाई? लाज आणली तू!" मोठे बाबा माझ्यावरच.

मी राऊटरवर डायनॅमिक सुरू केलं, लॅपटॉपवरही. नेट धावलं!

"जावईबापू, आरमोरीचा पाट इथं कशाला आणता?" मी विचारलं.

मोठी आई पदरात तोंड लपवून हसली. त्या दिवशी सगळं घर डायनॅमिक झालं.

* * *

मीही एकदा तोंडघशी पडले. लोडशेडिंगनंतर राऊटरनं नंबर नव्यानं वाटले आणि प्रिंटरचा बदलला. बाबा घरीच लग्नपत्रिका छापत, त्या अडकल्या. मोठे बाबा जवळजवळ नाचत आले. "पाह्य! कुठी गेला तुहा प्रिंटर?"

मी एकट्या प्रिंटरला पक्का नंबर दिला. ज्याला सगळे शोधतात त्यानं जागेवर राहावं, बाकीच्यांनी कुठंही बसावं. मग कितीही वेळा लाइन गेली, पत्रिका निघतच राहिल्या!

मोठे बाबा शाब्बास म्हणाले नाहीत. पुण्याचंही काही बोलले नाहीत.

* * *

रविवारी दुपारी मी सरळ जाऊन त्यांच्या पाटावर बसले. मोठ्या आईचा वाढता हात थांबला.

"ऊठ!" बाबा दबक्या आवाजात म्हणाले. मी उठले नाही.

मोठे बाबा आले. माझ्याकडे पाहिलं.

मग ते वळले आणि दाराजवळच्या रिकाम्या पाटावर मांडी घालून बसले.

"वाढ," ते मोठ्या आईला म्हणाले. "अन् पुन्याच्या गाडीत हिले खायले काय देशील, ते सांग."