काढून घेतलेला हात

थेरगावच्या सयाजी वस्तादांनी सोळा वर्षं आपल्या सख्ख्या मुलाच्या अंगाला हात लावला नव्हता. भांडण म्हणावं तर भांडणही नव्हतं. दोघं एका घरात राहत, पाणी आलं का, सिलिंडर संपला का, असलं बोलणंही होई. फक्त हात नाही.

याला कारण जत्रा. ज्ञानेश पंधराचा असताना गावच्या आखाड्यात त्याचं नाव पुकारलं आणि हा गडी जागचा हललाच नाही. हलगी थांबली, लोक माना वळवून बघायला लागले. "मला न्हाई खेळायची कुस्ती, आबा. मला शिकायचंय," असं तो सरळ बोलला. आता शिकायचंय म्हणणाऱ्या पोरावर कुठला बाप चिडेल? पण आमचे वस्ताद बाप कमी आणि वस्ताद जास्त. त्यांच्या तालमीची एक रीत होती. पठ्ठ्यानं मान घालवला की वस्ताद त्याच्यावरचा हात काढून घेई. मग त्याच्या अंगाला वस्तादाच्या हातचं तेल नाही, पाठीवर थाप नाही. पठ्ठ्यानं आपण होऊन यावं, हौद्यातली माती कपाळाला लावावी, तरच हात परत. "आजपासनं माजा हात काडला," असं वस्ताद भर आखाड्यात बोलून बसले. तालमीतली रीत त्यांनी घरात आणली, ही त्यांची चूक. ज्ञानेश काही आला नाही. पुढे तालीम पडली, हौदा बुजला, आता तिथं गाड्या लावतात. माती लावायची म्हटली तरी आणणार कुठून?

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला अंबूबाई लेकाला तेल लावायची, तेव्हा वस्ताद बाहेर पेपर धरून बसायचे. आतून तिच्या बांगड्या वाजायच्या. ही वरवर चोळतेय, हिच्या हातात जोर नाही, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं आणि जीव तुटायचा. हेच पोरगं कधीकाळी दर रविवारी त्यांच्या मांडीवर पालथं पडून, तेल जिरेपर्यंत झोपून जायचं. आत जायला दोन पावलं पुरे होती. पण वस्ताद पठ्ठ्याकडे जात नसतो, हेही रीतीतच बसत होतं.

गेल्या वर्षी चाकणच्या एका कंपनीतल्या योगिनी मॅडम घरी आल्या. वस्ताद लचकलेली मान मोकळी करतात, असं त्यांनी ऐकलं होतं.

"आमच्या लोकांना फार ताण असतो हो. टार्गेट, ऑडिट, शिफ्ट. मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन खांदे दाबून द्याल का?"

खुर्चीत बसून माणसाचं अंग दुखतं, हे ऐकून वस्तादांना हसू आलं. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तोच मॅडमनी कंपनीचं नाव घेतलं. ज्ञानेश तिथंच इंजिनीअर होता. वस्तादांनी जागच्या जागी होकार दिला.

"कशापायी ह्यो उद्योग या वयात?" मॅडम गेल्यावर अंबूबाईनं विचारलं.

"बसून बसून गंज चढलाय अंगाला."

इतकी वर्षं संसार केला होता तिनं, तिला कारण कळत नव्हतं थोडंच? कंपनीत ज्याला मालिश हवी त्यानं आपण होऊन नाव नोंदवायचं आणि येऊन बसायचं. माती नाही तर नाही, एवढं वस्तादांना पुरणार होतं.

कँटीनशेजारच्या खोलीत पालथं रेलून बसायची खुर्ची होती. शर्ट खराब होतात म्हणून तेल बंद. तेलावाचून मालिश म्हणजे मिठावाचून पिठलं, असं वस्ताद कुरकुरले, पण लोकांना गुण यायला लागला. कुणी खांद्यावर हात पडताच उसासा टाकी, कुणी घरी न सांगितलेलं सांगून मोकळा होई. कंपनीत पोचले की वस्ताद आधी नोंदवलेल्या नावांची यादी वाचत. दहा महिने त्यात ज्ञानेशचं नाव नव्हतं.

एका शुक्रवारी ते दिसलं. दुपारी तीन वाजता. वस्तादांनी दोनदा साबणानं हात धुतले, नखं तपासली, आणि अडीचपासून दाराकडे बघत बसले.

तीनला दार उघडलं आणि भलताच माणूस आत आला. "मी सलिल. ज्ञानेश सरांनी त्यांची वेळ मला दिली," तो म्हणाला आणि खुर्चीत पालथा झाला. वस्ताद ज्ञानेशचे कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. वस्तादांनी मुकाट्यानं दाबायला घेतलं.

"खरं तर सरांनाच गरज आहे," सलिल खालच्या गादीत तोंड खुपसून बोलत होता. "तीन महिने मान धरलीय, गोळ्या घेऊन काम करतात. पण इथं यायचं म्हटलं की ऐन वेळी कच खातात."

"का वो?"

"मीही विचारलं. म्हणाले, पंधरा मिनिटं झाली की तो हात पुन्हा काढून घेणार. एकदा सोसलं, आता नाही सोसायचं. काय बोलतात कळत नाही."

वस्तादांचे हात थांबले. "पडून ऱ्हावा. आलोच," म्हणून ते बाहेर पडले.

जिना चढताना गळ्यातलं व्हिजिटरचं कार्ड पोटावर आपटत होतं. वर मोठ्या हॉलमध्ये रांगेनं माणसं संगणकांपुढे बसली होती. मान एका बाजूला कलती ठेवून बसलेला त्यांनी पाठीवरून ओळखला. कुणीतरी "काका, कोण पाहिजे?" म्हणालं, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. ते जाऊन त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले.

ज्ञानेश ताठ झाला. त्यानं वळून पाहिलं नाही. कीबोर्डवरची बोटं मात्र सुटली.

"पंधरा मिनिटं?" त्यानं विचारलं.

"न्हाई," वस्ताद म्हणाले. "तू नगं म्हनशील तवर."

हळूहळू त्याची मान पुढे झुकली. वस्तादांच्या हातांना पंधरा वर्षांच्या पोराचा खांदा पाठ होता, कुठं हाड, कुठं शीर. ते तोच खांदा शोधत राहिले आणि तो काही लागेना. हाताखाली कुणी अनोळखी, थकलेला बाप्या माणूस होता. त्याच्या मानेवर पांढरे केस होते. एका छपराखाली राहून ते कधी आले, हे वस्तादांना माहीत नव्हतं.