टॉकीजचा पंखा आणि माझा ट्रायाक

लिहिणाऱ्यांच्या पंगतीत माझं पान नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, तेवढ्याच बळावर लिहायला बसलो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ताईला पाहायला आंधळगावचे पाहुणे येणार होते. आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, त्यामुळे घरात सगळे हळू आवाजात बोलत. पाहुण्यांना गरम होऊ नये म्हणून बाबांनी लाखनीच्या बंद पडलेल्या टॉकीजमधला पंखा आणला. पंखा भला मोठा, आमचं छत ठेंगणं, आणि रेग्युलेटर नव्हताच.

"मी बनवतो," मी म्हणालो.

रेग्युलेटरचा जीव म्हणजे ट्रायाक, बोटाच्या पेराएवढा भाग. तो वीज थोडी थोडी सोडतो, म्हणून पंखा हळू फिरतो. होस्टेलात मी बल्ब लावून तपासणी केली होती. बल्ब शहाण्यासारखा मंद झाला होता. नॉबनंच पंखा बंद होतो, म्हणून भिंतीवरचं बटणही मी काढून टाकलं.

पाहुणे बसले. पंखा अदबीनं फिरत होता. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन आली, आणि तेवढ्यात शेजारची धानाची गिरणी जेवणासाठी थांबली. तिची मोटर बंद होताना तारेतून जो झटका आला, त्यात माझा ट्रायाक गेला. गेलेला ट्रायाक बहुधा बंद पडत नाही, कायमचा चालू राहतो आणि सगळी वीज सोडतो, हे मला तिथंच कळलं.

कोथिंबीर उडाली. खोबरं उडालं. मुलाच्या वडिलांची टोपी थेट स्वयंपाकघरात गेली.

"कमी कर ना बे!" बाबा ओरडले.

"करून राहिलो ना, बाबा!" मी नॉब गरागरा फिरवत होतो.

"बटण कुठं हाय?"

"काढून टाकलं."

"कायले?"

ताईनं ट्रे सरळ मुलाच्या हातात दिला, "धरा जरा," म्हणाली, पदर खोचून स्टुलावर चढली आणि मेन स्विच खाली ओढला.

"कळवतो," म्हणून पाहुणे गेले. आधीचेही हेच म्हणून गेले होते.

कॉलेजात सरांनी समजावलं, "अरे, मोटर म्हणजे बल्ब नव्हे. ट्रायाकच्या दोन टोकांवर रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी लाव, म्हणजे व्होल्टेज एकदम उसळत नाही. आणि गिरणीचा झटका गिळायला व्हॅरिस्टर." मी मान डोलावत होतो. डोक्यात आंधळगाव होतं.

मग एके दिवशी मामा होस्टेलवर आले. दारातूनच म्हणाले, "जुळलं रे! सगळे बसून राहिले अन् पोरगी उठली, अशीच सून पाहिजे म्हणतेत. फक्त एक अट हाय."

"कोणती, मामा?"

"साळ्यानं आमच्या घरच्या विजेले हात लावू नये."