पितळ हरवते, लोखंड सापडते

ज्वारीत डुकरं शिरली की आमचे मामंजी पिस्तुलाचा बार काढत. बार निघाला की बाकी सगळेजण डुकरं कुठे पळाली ते बघत. मामंजी मात्र मागे वळून गवतात बघत. उडून पडलेली काडतुसाची रिकामी पुंगळी हाती लागल्याशिवाय ते शेतातून हलत नसत. लग्न होऊन मी डोणगावजवळच्या या घरात आले, तेव्हा सासऱ्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते असंच: शेताच्या बांधावर, धुऱ्यावर ओणवे, करदोट्याला बांधलेलं चुंबक हातात धरून गवत विंचरताना.

राज्य नवं झालं होतं, पण काडतुसं जुन्याच हालांनी मिळत. परवान्यावर थोडी येत, काही पितळी पुंगळीची, काही लोखंडी. रिकाम्या पुंगळ्या मामंजी घरीच दारू-गोळी घालून पुन्हा भरत. परवान्यात ते बसत नव्हतं, हे त्यांना माहीत होतं.

सासऱ्यांसमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून मी दाराआडून बोले आणि ते दाराकडे बघून उत्तर देत.

"पितळ सुनेसारखं असते, बाई," ते एकदा म्हणाले. "दाबलं तर दबते, पुन्हा कामाले येते. लोखंड आमच्या श्रीपतसारखं. दबत नाही, फाटते. ते भराचं नसते."

श्रीपतकाका त्यांचे धाकटे भाऊ. ते ओसरीवरच बसले होते. "अन् दादा म्हणजे गंज," ते म्हणाले. "बसल्या जागी खाते."

अडचण एकच होती. पितळ चुंबकाला चिकटत नाही. पितळी पुंगळ्या ढेकळांत गडप होत, लोखंडी तेवढ्या टक्कन हाती येत. दोन-तीन हंगामांत पुंगळ्यांच्या डब्यात लोखंडच उरलं. मामंजी त्या पुंगळ्यांचा गंज राखेनं घासू लागले, तेव्हा मी विचारलं, "मामंजी, हे भरायचं नसतं ना?"

"पितळ हरवते, लोखंड सापडते," ते म्हणाले. "सापडलेलं फेकाचं काऊन?"



पहिले काही बार नीट निघाले. ते मामंजींनी स्वतः काढले. मग एका संध्याकाळी काकांनी हट्ट धरला, "दादा, दरसाल तुमीच. मले काढू द्या एखांदा." मामंजींनी पिस्तूल त्यांच्या हातात दिलं. पुंगळी आतल्या आत फाटली आणि तिची कपची काकांच्या डाव्या डोळ्यात शिरली.

बैलगाडीनं सडकेपर्यंत आणि तिथून मालट्रकनं काकांना अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी मोठ्या चुंबकानं कपची ओढून काढली, पण नजर गेली ती गेलीच. "नशीब लोखंड होतं," डॉक्टर म्हणाले. "पितळ असतं तर असं निघालं नसतं."

पुढे गावातला जो तो मामंजींची याच शब्दांत समजूत घालू लागला. ते प्रत्येकाला सांगत, "पितळ असतं तर फाटलंच नसतं. मी उडवलं असतं तर माहा डोळा गेला असता."

पिस्तूल त्यांनी पोलिसांकडे नेऊन दिलं, घडलं ते आपणहून सांगितलं. करदोट्याचं चुंबक सोडून खिळ्यांच्या डब्यात टाकलं. तेव्हापासून एक खिळा हवा असला की मूठभर वर येत. मी दोनदा बोलले. त्यांनी काही त्याला हात लावला नाही.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. "एक डोळा दाबून नेम धराचा तरास वाचला, दादा," असं ते जेवताना हसत म्हणाले, तेव्हा मामंजी भरल्या ताटावरून उठले.

त्यानंतर मरेपर्यंत मामंजी भावाच्या डाव्या अंगानंच चालले. "इकडून गड्डा हाये." "इकडून गाय येऊन राह्यली." जेवायलाही ते डावीकडेच बसत आणि ताट आलं की सांगत, "श्रीपत, डावीकडं लोणचं हाये."

"दादा, मान वळते माही," काका म्हणत. वर्षानुवर्षं हेच चालू होतं. मला कंटाळा येई.

मामंजी गेले. तेरवीच्या पंगतीत मी वाढत होते. काकांनी भाजी संपवली, वरण-भात संपवला, पण ताटाची डावी बाजू तशीच होती. मी थांबून म्हटलं, "काका, डावीकडे लोणचं आहे."

"दिसते मले," ते म्हणाले. "कोणी सांगते का, वाट पाहून राह्यलो होतो."