वयनीच्या फोनवर माझा आवाज

शुद्धलेखन माझं कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर सांभाळून घ्या.

नवरा गेल्यावर मी किनाऱ्यावरच्या उत्तनहून शहरात, शांती नगरात आले, एका खोलीत. इथे सगळ्यांशी हिंदीतून बोलायचं, तेही भाजीपुरतं. आमच्या बोलीत माझ्याशी बोलणारी एकच, उत्तनची थोरली जाऊ. तिला मी वयनी म्हणते. भाषांतराचं काम तिनेच लावून दिलं. कंपनीकडून फोनवर हिंदी वाक्य येतं, ते आपल्या बोलीत बोलायचं. अनोळखी दोघांनी ऐकून बरोबर म्हटलं की पैसे आपोआप जमा होतात. कुठलं वाक्य कुणी बोललं ते ब्लॉकचेनवर लिहिलं जातं. म्हणजे एकच नोंदवही पुष्कळ कॉम्प्युटरांवर असते, मागचं काही खोडता येत नाही.

एकदा वाक्य आलं, घरी कोण कोण असतं? मी बोलले, "तुज्या घरा कोन कोन हाय?" दुपारी बरोबर असल्याची हिरवी खूण आली. कुणीतरी ऐकलं म्हणून बरं वाटलं.

मग वयनीला ताप आला, घसा बसला. तिची वाक्यं त्याच दिवशी पुरी करायची होती, नाहीतर सगळी फुकट. मी भेटायला गेले होते. आमच्याकडे जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत पडलाय आणि ढग आला, तर कुणाचा आहे ते विचारत नाहीत. जी जवळ असेल ती गोळा करते. मी तसाच तिचा फोन उचलला आणि उरलेली वाक्यं बोलून टाकली.

कंपनीच्या कॉम्प्युटरने पकडलं, आवाज एक, नावं दोन. दोघींचे पैसे अडकले.

वयनीचा फोन आला. "सगला जनम तुज्या तोंडातून आवाज न्हाय आला. आन आला तो माजे पैशे खायाला!" तिने फोन ठेवला. मग दिवसच्या दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही.

अनोळखी माणसाशी बोलायचं तर मला घाम फुटतो. कंपनीचा नंबर तीन दिवस नुसता समोर ठेवला, चौथ्या दिवशी लावला.

तिथल्या बाई म्हणाल्या, "खोडता नाही येणार, ताई. पण खाली लिहू शकतो, त्या आजारी होत्या म्हणून तुम्ही मदत केली."

"आणि पैसे?"

"तुमचे सुटतील. त्यांची वाक्यं मात्र बाद."

तिचे सगळे पैसे मीच द्यायचं ठरवलं. माझे सुटले ते दिले, पुरले नाहीत. मग आणखी दोन महिने फोनवर वाक्यं बोलत राहिले.

उरलेले द्यायला गेले तेव्हा ती जवळा पसरत होती. पूर्वी म्हणायची, "बस गो, जेवून जा." सवयीनं माझा हात जवळ्याच्या पाटीकडे गेला. तिने पाटी स्वतःकडे ओढली.

"वयनी, हे शेवटचे."

तिने ओल्या बोटांनी दोनदा मोजले. "पुरे हायेत," म्हणाली. तिचे सगळे पैसे फिटले.